स्कूटर, शेगडी की सोलर? आधी विजेचं बिल काढा

वाचकाचं पत्र

काका, नमस्कार.

आमचं गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. आमचे हे बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये टर्नर आहेत. रोज बाइकवरून जाऊन-येऊन ४४ किलोमीटर होतात. बाइक २०१६ ची आहे, साठच्या आसपास मायलेज देते, कुरकुर काही नाही. मी बेळगावात शिलाईच्या कामाला जाते, शक्ती योजनेमुळं बसला पैसे पडत नाहीत. घरी सासूबाई आणि दोन मुलं. मोठी मुलगी यंदा दहावीला आहे.

ह्यांनी इलेक्ट्रिक स्कूटर मनावर घेतलीय. शोरूमवाला म्हणाला, पेट्रोलच्या पैशात हप्ता निघतो. कमी पडलं तर तुझे गृहलक्ष्मीचे दोन हजार लावू, असं हे म्हणतात. दीर म्हणतात, वीज फुकट आहे तर गॅस कशाला जाळता, इंडक्शन आणा. मध्येच एक सोलरवाला येऊन गेला. तीन किलोवॅट बसवा, सरकार ७८ हजार देतं आणि पावसात लाईट गेली तरी तुमचं घर चालू राहील, असं सांगून गेला. चंदगडचे मामा म्हणतात, गाडी घ्यायचीच तर महाराष्ट्र पासिंगची घ्या, टॅक्स वाचतो.

आमचं विजेचं बिल शून्य येतं. बिल कानडीत असतं, मुलगी वाचून सांगते की आम्हाला ६८ युनिट मंजूर आहेत आणि वापर ६५ च्या आसपास असतो. सिलिंडर चाळीस दिवस पुरतो. अंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, लाकूड शेतातलं. यातलं आधी काय घ्यावं? आणि घेऊ नये असं असेल तर ह्यांना कसं सांगावं?

– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर

ताई, नमस्कार.

उत्तर आधीच सांगून टाकतो. सोलर तुमच्या घराला नको. इंडक्शन स्वयंपाकासाठी नको, अडीअडचणीला एक छोटी शेगडी असू दे. स्कूटर चांगली वस्तू आहे, पण आज नको. आहे ती बाइक खर्चाला येईल तेव्हा घ्या. असं का म्हणतो ते आता आकड्यांसकट सांगतो, कारण तुम्ही पत्रात आकडे दिलेत. सल्ला मागणारे बहुतेक जण "बिल खूप येतं" एवढंच लिहितात. तुम्ही मंजूर युनिट, वापर, किलोमीटर, सिलिंडरचे दिवस, सगळं लिहिलंत, त्यामुळं मला अंदाजानं बोलावं लागत नाही.

त्याआधी आपल्या भागातली एक अडचण सांगायला हवी. आपण मराठी माणसं मोबाइलवर व्हिडिओ बघतो ते पुण्या-कोल्हापूरचे. सल्ला देणारे पाहुणे चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरचे. भाषा आपली, म्हणून हिशेबही आपलाच वाटतो. पण ते महाराष्ट्रातल्या महावितरणचं बिल भरतात, आपण कर्नाटकातल्या हेस्कॉमचं. महावितरणचा शंभर युनिटांच्या वरचा दर आपल्या दरापेक्षा बराच चढा आहे. तिथं सोलर चार वर्षांत वसूल होत असेल तर तो हिशेब तिथं खरा आहे. सीमेवरच्या शिनोळीच्या पलीकडचा आकडा अलीकडं आणला की तो चुकतो. विजेची गृहज्योती, बसची शक्ती आणि बाईच्या खात्यात महिन्याला दोन हजार देणारी गृहलक्ष्मी या कर्नाटक सरकारच्या तिन्ही योजना तुमच्या घरात आहेत आणि मामांच्या घरात नाहीत. तुमच्या घरात काय स्वस्त आणि काय महाग, हे या तीन योजनांमुळं पार बदलून जातं.

आता "वीज फुकट" या शब्दांकडं येऊ. गृहज्योती योजना २०२३ च्या जुलैपासून सुरू झाली. त्यात महिन्याला २०० युनिट सगळ्यांना फुकट, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाही. २०२२-२३ या वर्षात तुमच्या घराचा जो सरासरी वापर होता, त्यात दहा टक्के घालून तुमची हद्द ठरवली आहे. तुमची ६२ ची सरासरी असणार, म्हणून ६८ मंजूर. ६८ च्या आत राहिलात तर बिल शून्य. ६८ च्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे. आणि २०० च्या वर गेलात तर सगळ्याच युनिटांचे पैसे, फुकटचे ६८ सुद्धा त्या महिन्यापुरते गेले.

म्हणजे तुमच्याकडं फुकट वीज शिल्लक किती? ६८ वजा ६५. तीन युनिट. दीर ज्या फुकट विजेवर स्वयंपाक करायला सांगतात ती एवढीच आहे. तीन युनिटांत महिन्याचा चहासुद्धा धड होणार नाही. त्याच्या वरचं प्रत्येक युनिट विकतचं. दर, इंधन अधिभार आणि वीज कर धरून आपण हिशेबाला ७ रुपये युनिट धरू. थोडं कमी-जास्त होईल, पण घरचा निर्णय घ्यायला हा आकडा पुरेसा आहे.

आता शेगडी. एका सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस. त्यात साधारण १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. गॅसच्या ज्योतीतली साठ-पासष्ट टक्के उष्णता भांड्याला मिळते, उरलेली भांड्याच्या कडेनं निसटते आणि स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनवर पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास भांड्यात जाते. म्हणून एका सिलिंडरचं काम इंडक्शन सुमारे १३० युनिटांत करतं. १३० गुणिले ७, झाले ९१० रुपये. सिलिंडर कितीला मिळतो? नऊशेच्या आसपास. म्हणजे बचत नाहीच. उज्ज्वलाचं कनेक्शन असेल तर सिलिंडरमागं ३०० रुपये अनुदान खात्यात येतं, मग तर गॅस कितीतरी स्वस्त.

तुमच्या घरात सिलिंडर चाळीस दिवस जातो, म्हणजे महिन्याला पाऊण सिलिंडर. तेवढा स्वयंपाक इंडक्शनवर नेला तर ९८ युनिट वाढतील. ६५ अधिक ९८, वापर १६३ वर. ६८ वजा जाता ९५ युनिटांचे ६६५ रुपये बिल. आणि वाचलेला गॅस किती रुपयांचा? ६७५ चा. दहा रुपयांसाठी भाकरीचा तवा, आमटीचं पातेलं आणि सासूबाईंची सवय बदलायची का, ते तुम्हीच ठरवा. ॲल्युमिनियमची भांडी तर इंडक्शनवर चालतच नाहीत. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटलं तरच ते चालतं.

याच्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. स्कूटर घरी चार्ज केली तर महिन्याला ३६ युनिट लागतील, ते कसं हे खाली सांगतो. स्कूटरही आणली आणि इंडक्शनही आणलं, तर ६५ अधिक ९८ अधिक ३६. बेरीज करा. १९९. दोनशेच्या काठावर एक युनिट अलीकडं. गावची जत्रा आली, चार पाहुणे राहिले, मुलांनी उन्हाळ्यात पंखा दिवसभर ठेवला, की त्या महिन्यात दोनशे ओलांडले. मग फुकटच्या ६८ चे पावणेपाचशे रुपये अंगावर, शिवाय स्थिर आकार. एकेक वस्तू वेगळी बघितली तर परवडते, सगळ्या एकाच मीटरवर आल्या की हद्द मोडते. विकणाऱ्याला हे दिसत नाही, कारण तो त्याची एकच वस्तू बघतो.

इंडक्शनची एक साधी शेगडी दोनेक हजारांत मिळते. सिलिंडर संपला आणि गाडी दोन दिवसांनी येणार आहे, अशा वेळेला ती उपयोगी पडते. तेवढ्यासाठी घ्यायची तर घ्या.

विजेच्या बाबतीत एक काम फुकटात होतं, ते रविवारी करा. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरवरच छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर हा आकडा ३२०० असतो. घरातलं सगळं बंद करा, टीव्हीचा आणि सेट टॉप बॉक्सचा प्लगसुद्धा काढा, आणि दिव्याकडं बघत थांबा. तरीही लुकलुकत राहिला तर कुठंतरी वीज गळते आहे, वायरमनला दाखवा. मग फक्त एक जुना पंखा फुल्ल वर लावा. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला चार लुकलुकी दिसतील, म्हणजे पंखा ७५ वॅट खातो. नव्या बीएलडीसी पंख्याला तीसच्या आसपास वॅट लागतात, तिथं मिनिटाला दीड-दोनच दिसतील. रोज बारा तास चालणारा एक पंखा बदलला की महिन्याला १६ युनिट वाचतात. आज तुमचं बिल शून्य आहे तोवर या १६ युनिटांचे पैसे हातात दिसणार नाहीत. पण उद्या स्कूटर आली की याच युनिटांतून तिची जवळजवळ निम्मी भूक भागेल. म्हणून पंखा जळाला तर त्याचं वाइंडिंग करत बसू नका, बीएलडीसी घ्या. चालू पंखा काढून टाकायची मात्र गरज नाही.

आता स्कूटर. ह्यांच्या मनात ती का बसली असेल, हे मला समजतं. आठ तास मशीनवर उभं राहून खानापूर रोडनं संध्याकाळी घरी परतताना पेट्रोल पंपावर थांबायचं आणि खिशातली नोट काढायची, हे रोज टोचतं. तेव्हा त्यांचं म्हणणं उडवून लावू नका.

रोजचे ४४ किलोमीटर, महिन्याचे पंचवीस दिवस. ११०० किलोमीटर. बाइक साठचं मायलेज देते, म्हणजे सव्वाअठरा लिटर पेट्रोल. १०३ रुपये लिटर धरलं तर महिन्याला १,८९० रुपये. इलेक्ट्रिक स्कूटर शंभर किलोमीटरला, चार्जरमध्ये वाया जाते ती वीज धरून, सव्वातीन युनिटांच्या आसपास घेते. ११०० किलोमीटरला ३६ युनिट, विकतच्या दरानं २५० रुपये. फरक १,६४० चा. इंजिन ऑइल आणि किरकोळ सर्व्हिसिंग वाचतं, त्याचे दीड-दोनशे धरा. तर महिन्याला १,८०० रुपयांची खरी बचत आहे. हा आकडा लहान नाही, आणि तो शोरूमवाल्यानं फुगवलेला नाही.

पण हप्ता किती? स्कूटर रस्त्यावर यायला सव्वा लाखाच्या आत-बाहेर जाते. वीस हजार रोख भरून एक लाखाचं कर्ज तीन वर्षांसाठी ११ टक्क्यांनी काढलं तर हप्ता ३,२७५ रुपये. तीन वर्षांत व्याजच अठरा हजारांच्या जवळ जातं. पेट्रोलच्या बचतीतून १,८०० येणार आणि हप्त्याला ३,२७५ जाणार. मधले दीड हजार दर महिन्याला पगारातून काढावे लागतील, छत्तीस महिने. "पेट्रोलच्या पैशात हप्ता निघतो" हे वाक्य तुमच्या घराला लागू नाही. ते कुणाला लागू आहे? ज्याची जुनी स्कूटर चाळीस-पंचेचाळीस मायलेज देते आणि रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर धावते, त्याला. घरोघर डिलिव्हरी करणाऱ्या पोरांना तर नक्कीच. तुमची साठ मायलेजची, कर्ज फिटलेली, कुरकुर न करणारी बाइक ही स्वतःच स्वस्त गाडी आहे.

जुनी बाइक पंचवीस हजारांना विकली असं धरलं तरी स्कूटर आणि व्याज मिळून सव्वा लाखाच्या वर निघालेली रक्कम फक्त बचतीतून भरून यायला पाच वर्षं लागतील. आता दुसरा प्रसंग बघा. दोन-तीन वर्षांनी बाइकचं इंजिन उघडायची वेळ आली, पंधरा-वीस हजारांचा खर्च समोर दिसतोय, तेव्हा काहीतरी नवीन घ्यावंच लागणार. त्या वेळी तुलना नव्या पेट्रोल बाइकशी होईल. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यावर शंभर सीसीची बाइक जरा उतरली, तरी सगळं धरून ऐंशी-नव्वद हजार लागतातच. मग स्कूटरसाठी जादा लागणारे फक्त तीस-चाळीस हजार, आणि महिन्याला १,८०० ची बचत. दोन वर्षांच्या आत फिटलं. तीच स्कूटर, तोच रस्ता. आज घेतली तर पाच वर्षं, तेव्हा घेतली तर दोन. आरसी पंधरा वर्षांची असते, म्हणजे बाइकला २०३१ पर्यंत कागदाचीही अडचण नाही.

तेव्हा घेताना तीन गोष्टी मात्र ह्यांनी स्वतः बघायच्या. पहिली बॅटरीची वॉरंटी. ती वर्षांत असते आणि किलोमीटरमध्येही असते, जे आधी संपेल ते. तुमचे वर्षाला तेरा हजार किलोमीटर होतात, तीन वर्षांत चाळीस हजार. वॉरंटी तीस हजार किलोमीटरला संपत असेल तर कागदावरची तीन वर्षं तुमच्यासाठी सव्वादोनच आहेत. बॅटरी हाच गाडीतला सगळ्यात महाग भाग, त्यामुळं ही ओळ बारीक अक्षरात असली तरी शोधून वाचा. दुसरी गोष्ट रेंजची. जाहिरातीतल्या रेंजमधून पंचवीस-तीस टक्के वजा करा, मागं माणूस बसला आणि खड्ड्यांचा रस्ता लागला की तेवढी कमी होतेच. ४४ किलोमीटरला तीन युनिटांची बॅटरी पुरून उरते, एवढ्यासाठी मोठ्या बॅटरीचं महाग मॉडेल घ्यायला नको. तिसरी गोष्ट घरची. जुन्या कौलारू घरांत अर्थिंगच नसतं, दोन वायरींवर सगळं चाललेलं असतं. रात्रभर चार-पाच तास चार्जर लावायचा तर आधी अर्थिंग करून घ्या, वेगळा सोळा अँपिअरचा पॉइंट काढा. पावसाळ्यात ओल्या भिंतीवरच्या जुन्या बोर्डात चार्जर खुपसायचा नाही, हे मुलांनाही बजावा.

आणि सर्व्हिस सेंटर कुठं आहे ते विचारा. बेळगावात असेल तर ठीक, ह्यांना रोज तिकडं जायचंच आहे. गावात गाडी अडली तर चेन सेट बदलणारा मिस्त्री तिला हात लावणार नाही. टेम्पोत घालून न्यावी लागली की त्या दिवसाची हजेरीही बुडाली.

शक्ती योजनेचं एक सांगतो. स्कूटर घेतली की तुम्हालाही सोडता येईल, असं ह्यांनी म्हटलं असेल. २०२३ च्या जूनपासून तुमचा बसचा खर्च शून्य आहे, त्यामुळं त्यातून एक रुपयाही वाचत नाही. तो फायदा हिशेबात धरू नका. पण वेळ वाचत असेल, संध्याकाळी बेळगावच्या सीबीटी बसस्टँडवर तासभर उभं राहावं लागत नसेल आणि अंधार पडायच्या आत घरी पोचत असाल, तर त्याचं मोल आहे आणि ते तुम्हीच ठरवायचं. तसं असेल तर बाइकच्या मागच्या सीटवरही बसता येतं, त्यासाठी नवी गाडी लागत नाही.

गृहलक्ष्मीच्या दोन हजारांबद्दल मला जरा जोर देऊन सांगायचंय. ते पैसे हप्त्याला लावू नका. एक तर ते दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येत नाहीत, मागं-पुढं होतात, कधी दोन-तीन महिने थांबतात. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. एक चुकला की दंड, आणि सिबिल बिघडलं की पुढं मुलीच्या शिक्षणाच्या कर्जाला तेच आडवं येतं. दुसरं, सरकारची योजना उद्या कशी असेल हे कुणी लिहून दिलेलं नाही, आणि कर्जाचा कागद तीन वर्षांचा असतो. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं, ते पैसे तुमच्या नावावर येतात. घरात तुमच्या हातात राहणारी तेवढीच रक्कम असेल तर ती गाडीखाली घालू नका. मुलगी दहावीला आहे. पुढं पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची फी, बस नसेल तिथं हॉस्टेल, हे सगळं वर्षभरात दारात येणार आहे.

सोलरबद्दल फार लिहीत नाही, कारण प्रश्न लगेच सुटतो. पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजार मिळतात हे खरं आहे. पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार आणि तिसऱ्याला अठरा. पण बाकीचे लाखभर तुम्ही घालणार आणि वाचवणार काय? शून्य रुपयांचं बिल. तीन किलोवॅटचं सोलर वर्षाला साडेतीन-चार हजार युनिट बनवतं, तुमच्या घराला आठशेच लागतात. उरलेली वीज कंपनी घेते, पण त्याचा दर आपण भरतो त्याहून बराच कमी असतो. शिवाय खानापूरचा पाऊस. जून ते सप्टेंबर आपल्याकडं ऊन किती दिवस दिसतं ते तुम्हाला सांगायला नको. मंगळुरी कौलांच्या छपरावर पॅनेल बसवायला लोखंडी सांगाडा लागतो तो वेगळा. ज्यांच्या घरी एसी, गीझर, मोटर मिळून महिन्याला तीनशे-साडेतीनशे युनिट जातात आणि वर स्लॅब आहे, अशा बेळगावातल्या टिळकवाडी-हिंदवाडीच्या घरांनी हा हिशेब जरूर मांडावा, त्यांना चार-पाच वर्षांत वसूल होईल.

"लाईट गेली तरी घर चालू राहील" हे मात्र त्यानं चुकीचं सांगितलंय, आणि याचा मला राग आहे. अनुदानात बसतं ते बहुतेक सोलर लाईनला जोडलेलं असतं. लाईन गेली की ते स्वतःहून बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. तसं बनवलेलंच असतं, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला तुमच्या छपरावरच्या विजेचा शॉक बसेल. बॅटरीचं सोलर वेगळं आणि बरंच महाग.

तुमची खरी गरज मुलीच्या अभ्यासाच्या उजेडाची आहे, असं मला पत्रावरून वाटलं. दहावीची परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये, तेव्हा वळवाचा पाऊस आणि वाऱ्यानं फांद्या तारांवर पडतात. त्याला लाखभर रुपये लागत नाहीत. लाईट गेल्यावर स्वतःच्या बॅटरीवर तीन-चार तास चालणारे एलईडी बल्ब तीन-चारशे रुपयांना मिळतात. एक तिच्या टेबलावर, एक स्वयंपाकघरात. हे काम या आठवड्यातच करा. तुमच्या यादीत आजच घेण्यासारखी वस्तू मला ही एकच दिसते.

मामांच्या पासिंगबद्दल. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो, मोटार वाहन कायद्यातच तसं आहे. तेव्हा एनओसी, आरटीओच्या खेपा आणि इथला जो काही टॅक्स लागत असेल तो भरायचाच. वाचलेले पैसे परत जातात. शिवाय राहत नसलेल्या पत्त्यावर गाडी घेतली तर अपघाताच्या वेळी विम्यात भांडण निघू शकतं. बेळगावचा केए-२२ नंबर घ्या आणि निश्चिंत फिरा.

आता राहिलं ह्यांना कसं सांगायचं. ते टर्नर आहेत. व्हर्नियर लावल्याशिवाय जॉब पुढं सोडत नाहीत, मग गाडीचं मोजमाप तरी शोरूमवाल्याच्या तोंडी का असावं? नको म्हणून वाद घालू नका. एक वही द्या आणि एक महिना पेट्रोल किती घातलं, किलोमीटर किती झाले, एवढंच लिहायला सांगा. माझे आकडे त्यांनी तपासावेत, कुठं चुकत असतील तर दुरुस्त करावेत. मग म्हणा, हप्ता आजपासूनच भरू, पण बँकेला नाही, आपल्याच खात्यात. ह्यांच्या पगारातून आणि ओव्हरटाइमातून दर महिन्याला ३,२७५ वेगळ्या खात्यात टाकायचे, तुमच्या दोन हजारांना हात न लावता. गणपती आले, दवाखाना आला, तरी ते काढायचे नाहीत. असे सहा महिने एकदाही न मोडता गेले तर हप्ता पेलतो हे त्यांनाही कळेल आणि तुम्हालाही, आणि खात्यात जवळजवळ वीस हजार जमलेले असतील. बाइक तोवर चांगली चालत असेल तर ते पैसे तसेच वाढू द्या. ती खर्चाला आली असेल तर तेच डाउन पेमेंट.